सरकीच्या पोत्यांवरून समुद्राकडे

पोरांनो, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर समुद्रकाठच्या गावी सुट्टीला जायचं ठरवत होतात. एकाला विमान हवं होतं, दुसरीला स्वतःची गाडी आणि तिसऱ्याला रात्रीची रेल्वे. मधेच तुमची आई मला म्हणाली, "आई, तुमच्या वेळी बरं होतं, एकच रस्ता असायचा." ते खरं नाही. आमच्या वेळीही तीन रस्ते होते आणि त्या तिन्हींवरून आमच्या घरात पंधरवडाभर वाद चालला होता. फोनवर सगळं सांगणं जमलं नाही, म्हणून आता सवडीनं लिहिते.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. आमचं घर जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानांच्या गल्लीत होतं. राज्य निजामाचं. वडील कापसाच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कारभार बघत. दिवाळीनंतर जिन सुरू झाला की त्यांना जेवायलाही फुरसत नसे, आणि उन्हाळा लागला की ते मोकळे होत. घरात आई, मी, धाकटा भाऊ आणि आत्या. आत्या वडिलांची थोरली बहीण. नवव्या वर्षी लग्न झालं, बाराव्या वर्षाच्या आत कुंकू गेलं, आणि ती माहेरी परत आली ती कायमचीच. घर तिच्याच हातात होतं. वडील तिला अक्का म्हणत आणि तिला विचारल्याशिवाय काही करत नसत. पण तिला स्वतःला काय हवं, हे कधी कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही सांगितलं नव्हतं.

वडिलांचे शाळेतले एक मित्र रत्नागिरीला मास्तर होते. दर उन्हाळ्यात ते "आंबे खायला या" म्हणून बोलावत, आणि दर उन्हाळ्यात वडील "पुढच्या वर्षी" म्हणत. त्या वर्षी वैशाखातली अमावस्या सोमवारी येत होती. पंचांग बघून आत्या वडिलांसमोर येऊन बसली.

"भाऊ, समुद्राला एरवी शिवत न्हाईत. पर्वकाळालाच न्हायचं असतं. सोमवती अमावस्येसारखा पर्वकाळ न्हाई. मला ते एक स्नान घडव. काशी नको, काई नको."

वडिलांनी पंचांग हातात घेऊन तिथी पाहिली. मग म्हणाले, "जाऊ."

एवढं सोपं होतं. अवघड झालं ते कसं जायचं यावरून.

वडिलांचं म्हणणं आगगाडी. जालन्याहून लहान गाडीनं मनमाड, तिथं मोठ्या गाडीत बसून मुंबई, आणि मुंबईहून बोटीनं रत्नागिरी. त्यांच्याकडे रेल्वेचं इंग्रजी वेळापत्रक होतं. मी मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकत होते, म्हणून रोज संध्याकाळी माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, बसून ते मला मोठ्यानं वाचायला लावत. गाड्यांच्या वेळा वाचता वाचता मला इंग्रजी आकडे पाठ झाले, बाकीच्यांना झोप येऊ लागली.

काकांचं म्हणणं मोटार. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. ते अंबडकडच्या गावी शेती बघत. मोटार त्यांच्याकडे नव्हती, पण मोटारीविषयी त्यांना सगळं माहीत होतं. अंबडवरून शहागडला गोदावरी ओलांडायची, पुढे नगर, पुणे, कोल्हापूर आणि घाट उतरून रत्नागिरी.

"दादा, गाडीत बसलं की ती जाईल तिकडं आपण जायचं. मोटारीचं तसं न्हाई. वाटलं तितं थांब, वाटलं तवा निघ. बिलकुल आपल्या मर्जीनं."

"आणि वाटेत बंद पडली तर?"

"तर मंग थांबायचंच हाये की."

तिसरा रस्ता आईचा. मनमाडपर्यंत आगगाडी, तिथून आगगाडीनंच पुणे आणि कोल्हापूर, मग शेवटचा घाट तेवढा मोटारीनं. यात बोटही नव्हती आणि लांबची मोटारही नव्हती. आईला दोन्हींची भीती होती. पण गाड्या इतक्या ठिकाणी बदलायच्या होत्या, की सामान आणि पोरं मोजता मोजता कुणीतरी मागे राहील, असं वडील म्हणाले, आणि तो रस्ता मागे पडला.

वाद चालू असतानाच मास्तरांनी कळवलं की पाऊस जवळ आला की बोटी बंद होतात, तेव्हा उशीर करू नका. शिवाय रविवारी बोट नसते. हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. पावसाला बोट घाबरते, याचंच काकांना हसू आलं. "पाण्यात ऱ्हाती अन् पाण्याला भिती," म्हणाले.

आत्या या वादात पडली नाही. तिनं तिच्या रीतीनं निकाल लावला. आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघायचं आणि मुहूर्त गाठता येत नसेल, तर प्रस्थान ठेवत. चांगल्या वेळेवर सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ आणि अंगावरचं एखादं वस्त्र यांचं गाठोडं बांधायचं आणि जायच्या दिशेला असलेल्या शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास सुरू झाला. मग चार-सहा दिवसांत निघताना ते उचलायचं आणि पुढं जायचं. मागे फिरायचं नाही. आत्यानं एका सकाळी गाठोडं बांधलं, त्यात स्नानासाठी आणलेलं नवं पांढरं लुगडं घातलं आणि गल्लीच्या पश्चिमेच्या टोकाला शेठाणीच्या घरी ठेवून आली. शेठाणी म्हणजे मारवाडी आडत्याची बायको. एका विधवेचं प्रस्थान घरात घ्यायला दुसऱ्या कुणी कुरकुर केली असती. शेठाणीनं ते देवापाशी ठेवलं.

संध्याकाळी आत्यानं सांगितलं, "प्रस्थान ठेवलंय. मावळतीला."

मावळतीला म्हणजे मनमाड. आगगाडी ठरली. काका त्यावर एवढंच म्हणाले, "अक्कानं निकाल दिला. आता अपील न्हाई."

निघायचा दिवस गुरुवार ठरला. शुक्रवारी मुंबई, शनिवारची बोट, त्याच संध्याकाळी रत्नागिरी, एक दिवस विश्रांती आणि सोमवारी सकाळी स्नान. वडिलांनी हे सगळं इतकं नीट बसवलं होतं, की मला ते वेळापत्रकातच छापलंय असं वाटत होतं.

गुरुवारी दुपारी टांगा दाराशी आला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याची सुरई, वळकट्या, सगळं चढलं. आत्यानं उंबऱ्याला हात लावला, घराबाहेर पडली आणि टांग्यात न बसता पुढं चालू लागली. गाठोडं घ्यायचं होतं. टांगा तिच्या मागोमाग गेला.

शेठाणीच्या दाराला कुलूप होतं. तळहाताएवढं पितळी कुलूप.

समोरच्या दुकानातला म्हणाला, "मंठ्याला गेले समदे. लग्न हाये. रविवारी येतील."

वडिलांनी आत्याकडे पाहिलं. "तू त्यांना सांगितलं नव्हतंस, आपण गुरुवारी निघणार म्हणून?"

"प्रवासाचा दिवस कुणी सांगतं का?"

"आणि त्यांनी विचारलं नाही?"

"निघणाऱ्याला कवा निघता, असं कुणी विचारतं का?"

दोघीही रीतीला धरून वागल्या होत्या. जाणाऱ्या माणसाला कुठं, कधी असं टोकायचं नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळत होतं. शेठाणीनं मनाशी धरलं असणार की चार-सहा दिवस म्हणजे लग्न आटोपून येईपर्यंत वेळ आहे.

"अक्का, गाडीची वेळ झाली. गाठोडं राहू दे."

"प्रस्थान न उचलता कसं जायचं? गाठोड्याशिवाय मी पाऊल टाकणार न्हाई."

"मग घरी चल. बघू काय करायचं ते."

"घरी कशी येऊ? निघाले मी घरातून. मागं फिरत न्हाईत."

असं म्हणून ती शेठाणीच्या ओट्यावर बसली. पुढं जाता येत नव्हतं आणि मागं फिरता येत नव्हतं, त्यामुळे तिच्यापुढं तेवढीच जागा उरली होती. टांगेवाला बिडी ओढत थांबला. वडील येरझाऱ्या घालू लागले. थोड्या वेळानं स्टेशनाकडून गाडीची शिट्टी ऐकू आली. आम्ही सगळ्यांनी ती ऐकली. आत्यानंही ऐकली. तिनं मान खाली घातली आणि लुगड्याच्या पदराची घडी करत राहिली.

वडील रागावले नाहीत. ओट्यावर तिच्याशेजारी बसून त्यांनी हळू आवाजात सगळं समजावून सांगितलं. उद्याची गाडी धरली तर मुंबईला शनिवारी पोचू, तोवर त्या दिवसाची बोट गेलेली असणार. रविवारी बोट नाही. सोमवारच्या बोटीनं रत्नागिरीला पोचेपर्यंत संध्याकाळ, आणि पर्वकाळ संपलेला.

"म्हंजी न्हाईच?" आत्यानं विचारलं.

"मुंबईलाही समुद्र आहे, अक्का. तिथं करू."

"तितं आपलं कोण हाये? धर्मशाळेत उतरायचं, दोन पोरं संगट, अन् वहिनीला गर्दीत गुदमरतंय. माझ्या एकटीपायी सगळ्यांचे हाल नको." तिनं दाराच्या कुलपाकडे पाहिलं. मग म्हणाली, "पुढची सोमवती उन्हाळ्यात कवा?"

वडिलांना ते माहीत होतं. ती फार वर्षांनी होती, म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

तिन्हीसांजेला काका आले. आम्हाला निरोप द्यायला म्हणून गावाहून निघाले होते आणि वाटेत उशीर झाला होता. घराला कुलूप बघून ते परत फिरणार होते, तर गल्लीच्या टोकाला सगळं घरदार दुसऱ्याच्या ओट्यावर दशम्या खात बसलेलं दिसलं.

"हे रत्नागिरी हाये का?" त्यांनी विचारलं.

आई पदराआड हसली. वडिलांनी झालेलं सांगितलं. काकांनी कुलूप हातात घेऊन वजन केलं. "हे तर एका दगडात..."

"दुसऱ्याच्या दाराला हात लावायचा नाही," वडील म्हणाले.

"न्हाई लावत. अक्का, ऐक. सकाळी सरकीची लारी नगरला निघाली हाये. आपल्या वळखीचा ड्रायव्हर हाये. संध्याकाळला नगर, परवा पुणं, तितून कोल्हापूरची गाडी, रविवारी घाट उतरला की रत्नागिरी. बराबर बसतंय. पण लारी अंबडावरून जाती. म्हंजी दक्षिणेला तोंड. अन् तुझं गाठोडं मावळतीला, कुलपात."

तो रस्ता होता. आता सगळं आत्यावर होतं. "सकाळी सांगते," ती म्हणाली. आई मला घेऊन तिच्याशेजारी वाकळ टाकून आडवी झाली. आत्या घरी येणार नव्हती, म्हणून आम्हीही तिथंच राहिलो.

सकाळी मी उठले तेव्हा आत्याचं तोंड धुवून झालं होतं. लारी गल्लीत मावत नव्हती, म्हणून चौकात उभी होती. काका आत्याला न्यायला आले.

"मंग, अक्का?"

"मी रातभर विचार केला," आत्या म्हणाली. "घर सोडलं कवा? काल. राह्यले कुठं? शेजाऱ्याच्या घरी. म्हंजी गाठोडं आत अन् मी भाईर, दोघांचं बी प्रस्थान एकाच घरी झालं. आता मीच मला उचलते."

काकांनी वडिलांकडं पाहिलं. वडील म्हणाले, "यात मला तरी काही चूक दिसत नाही."

"अन् दक्षिण?"

"समुद्र जिकडं हाये तिकडं तोंड करायचं. तू हात दे मला, ही पोती लई उंच रचलीत."

अशा रीतीनं आम्ही समुद्राकडे निघालो ते सरकीच्या पोत्यांवर बसून. सरकी टोचत नाही, फार हलतही नाही. आत्यासाठी मधोमध खळगा करून दिला होता आणि ती त्यात गादीवर बसावी तशी बसली होती. मी आणि धाकटा भाऊ तिच्या दोन बाजूंना. आईनं डोळे मिटून घेतले होते. ऊन चढलं तसं ताडपत्रीचं एक टोक वर ओढून काकांनी सावली केली आणि दर थोड्या वेळानं वडिलांना विचारलं, "आगगाडीत अशी हवा लागली असती का, दादा?"

शहागडला गोदावरी उतरायची होती. पूल नव्हता. उन्हाळ्यात पाणी एका बाजूला ओढ्याएवढं वाहत होतं आणि बाकी सगळी वाळू. लारी पाण्यातून निघाली आणि वाळूत रुतली. ड्रायव्हरनं खूप धूर काढला. शेवटी काठावरच्या एका शेतकऱ्याच्या दोन बैलजोड्या आणल्या आणि त्यांनी लारी ओढून वर काढली. वडील काकांकडे बघत राहिले.

"बघतोस काय असा?" काका म्हणाले. "आगगाडी रुतली असती तर बैल कुठून आणले असते?"

लारी निघेपर्यंत आम्ही पाण्यात पाय सोडून बसलो होतो. काका म्हणाले, "अक्का, हितंच बुडी मार. हे पाणी शेवटी समुद्रालाच जातंय."

वडील म्हणाले, "जातं, पण पलीकडच्या. पूर्वेच्या समुद्राला. आपण चाललोय पश्चिमेच्या."

आत्या पाण्याकडे बघत होती. "मंग ते चुकलंय का आपण?" तिनं विचारलं. ती गंमत करत नव्हती. पण वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला. तसे हसताना मी त्यांना फार कमी वेळा पाहिलं आहे.

राज्याच्या हद्दीवर करोडगिरीचं नाकं होतं. राज्यातून बाहेर जाणाऱ्या मालावर तिथं जकात घेत. सरकीचे कागद बघायला बराच वेळ लागला. नाक्यावरचा शिपाई आमच्या वळकट्या उघडून बघत होता. पोत्यांच्या मधे बसलेली आत्या त्याला शेवटी दिसली.

"माई, किधर जा रहे?"

प्रवासाला निघालेल्याला असं विचारू नये, हे त्याला कोण सांगणार? आत्यानं क्षणभर विचार केला. सरकारी माणसाला सांगायलाच हवं होतं.

"समुद्राला."

"समुंदर को? इस लारी में?" त्यानं वळकटीची दोरी पुन्हा बांधून दिली. "हमने भी नहीं देखा, माई. हमारे नाम का एक लोटा डालना."

"डालते," आत्या म्हणाली.

नगरला काका आमच्यापासून वेगळे झाले. पेरणीपूर्वीची कामं पडली होती आणि परत जाणारी तीच लारी गाठायची होती. त्यांनी आमचं सामान उतरवून दिलं, आत्याच्या पाया पडले आणि म्हणाले, "पुढं दादाचं वेळापत्रक. आता तरी गाडी चुकवू नका." पुढचा प्रवास सुरळीत झाला. पुणं मी झोपेत पाहिलं. कोल्हापूरहून निघालेली मोटार घाटात इतकी वळली, की आईनं आणि धाकट्यानं पोटातलं सगळं बाहेर काढलं. आत्या मात्र खिडकीतून तांबड्या मातीकडे बघत बसली होती. "भाजून काढल्यासारखी हाये," ती म्हणाली. "हिच्यात ज्वारी येत नसंल."

रविवारी दिवेलागणीला आम्ही मास्तरांच्या दारात उतरलो. ओसरीवर गवतात आंबे पिकत घातले होते. आत्यानं आंब्याला हात लावला नाही, उद्याचं स्नान झाल्यावर म्हणाली.

सोमवारी उजाडायच्या सुमाराला ती मला घेऊन निघाली. मागून वडील, आई, मास्तर आणि मास्तरीणबाई. आमच्याकडे पर्वाचं स्नान सूर्य वर यायच्या आत. गोदावरीला गेलं तरी तसंच. आम्ही सुरूच्या झाडांतून वाळूवर आलो आणि थांबलो. समोर वाळू होती. ओली, चमकणारी, लांबच लांब वाळू, आणि खूप पलीकडे एक पांढरी रेघ.

"समुद्र कुठं हाये?" आत्यानं विचारलं.

"तो काय, तिकडे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आता ओहोटी आहे हो. अमावस्येची मोठी ओहोटी, पार लांब जातो. दुपारी भरती येईल तेव्हा इथं तुमच्या पायाशी असेल. इथले सगळे तेव्हाच येतात. चला, घरी चहा घेऊ."

"दुपारी?"

"हो, अमावस्या आहेच की दिवसभर."

आत्यानं उगवतीकडं पाहिलं. डोंगरामागं उजळलं होतं. मग तिनं लुगड्याचा काचा घट्ट खोवला, माझ्या हातातला तांब्या नीट आहे ना बघितलं आणि म्हणाली, "एवढं लांब आलो. आता हे थोडंच ऱ्हायलं."

आम्ही दोघी चालू लागलो. मागून मास्तर ओरडून काहीतरी सांगत होते, चिखल, शिंपले, असं ऐकू आलं. वाळू आधी टणक होती, मग मऊ झाली, मग तिच्यात छोटे खेकडे तिरके पळू लागले आणि आत्या प्रत्येकाला वाट देत होती. मागं वळून पाहिलं तर आई-वडील बोटाएवढे दिसत होते. किती वेळ चाललो कोण जाणे. शेवटी पाणी घोट्याला लागलं, मग पोटरीला, मग गुडघ्याला, आणि तिथं आत्या थांबली. पुढं जायची तिची हिंमत झाली नाही. माझीही नाही.

ती गुडघाभर पाण्यात खाली बसली, घरी न्हाणीत बसावी तशी. तांब्या समुद्रात बुडवला आणि डोक्यावरून पाणी ओतलं. पुन्हा बुडवला, पुन्हा ओतलं. लाटा तिच्या खांद्यावरून जात होत्या, ती नखशिखांत भिजली होती, तरी ती तांब्यानंच पाणी घेत होती. प्रत्येक तांब्याला कुणाचं तरी नाव घेतलं. आई-वडील, दोघे भाऊ, वहिनी, आम्ही पोरं, शेठाणी. नाक्यावरच्या शिपायाचं नाव तिला माहीत नव्हतं. "त्या नाक्यावरच्याला," म्हणाली आणि ओतला. शेवटचा तांब्या तिनं काही न बोलता ओतला. मी विचारलं, "हा कुणाचा?"

"माझा," ती म्हणाली.

मग जिभेवर आलेलं पाणी तिनं चाखून बघितलं. आमच्याकडे उन्हाळ्यात एकेक घागर जपून वापरायची सवय. तिनं डावीकडून उजवीकडे सगळीकडे नजर फिरवली.

"खारट हाये," ती म्हणाली. "पण पुष्कळ हाये."

परत येताना पाणी आमच्या मागोमाग येऊ लागलं होतं. किनाऱ्यावर मास्तरीणबाईंनी तिला कोरडं लुगडं दिलं आणि घरी नेऊन पहिला आंबा तिच्या हातात ठेवला. त्या दिवशी तिनं किती आंबे खाल्ले ते कुणी मोजलं नाही.

दुपारी आम्ही सगळे पुन्हा गेलो. समुद्र खरोखरच सुरूच्या झाडांपर्यंत आला होता. वडील मास्तरांबरोबर पोहले, आई कमरेएवढ्या पाण्यात हसत उभी राहिली, धाकटा प्रत्येक लाटेला मारायला धावत होता. आत्या आमचे कपडे सांभाळत सावलीत बसली होती. माझं झालं, म्हणत होती. मी दमून तिच्याशेजारी येऊन बसले. खूप आत, सकाळी ती जिथं बसून न्हाली होती साधारण तिथं, शिडाची एक होडी चालली होती. मी तिला बोटानं दाखवली.

तिनं डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिलं.

"तितं आपण पायी गेल्तो," ती म्हणाली, आणि माझं डोकं पदरानं पुसू लागली.